उणे चार किलो भरडा

माय, आज प्रयोगशाळेत एका पोरीवर मी इतकी ओरडले, की बाकीच्यांचे हात कीबोर्डवरच थांबले. जनावरांच्या खुराकाचं गणित होतं. पेंड किती, मक्याचा भरडा किती, दोन समीकरणं संगणकात घालायची. सॉफ्टवेअर उत्तर काढून देतं. तिच्या उत्तरात भरडा आला उणे दोन किलो. असं आलं की समजायचं, ही सांगड बसतच नाही, पुन्हा मांडायचं. पोरीनं वहीत उतरवताना उणे गाळून टाकलं. "मॅडम, भरडा उणे कसा आसंल? मशीनच चुकलं आसंल," म्हणाली आणि माझा तोल गेला.

माझी बारावीची सुट्टी आठवते तुला? तू गोठ्यात घमेल्यात आंबोण कालवते आहेस, ओंजळीच्या अंदाजानं. मी कागद घेऊन दारात उभी. म्हशीचं दूध वाढवायचं गणित मी हातानं सोडवलेलं. "आता अंदाज बंद. रोज पेंड सहा किलो, भरडा चार." तू कागदाकडं बघितलंस. "लय व्हायलाय की गं भरडा." मी फणकारले, "तुला काय कळतं यातलं?" तू ताडकळसच्या बाजारातून भरडा आणलास, वाटेत भेटेल त्याला सांगत आलीस, "लेकीनं गणित काढलंय." तिसऱ्या दिवशी म्हैस फुगली. तू गोडंतेल पाजलंस, पोट चोळत बसलीस. पूर्णेहून डॉक्टर येईपर्यंत तिनं मान टाकली. मी रडायला लागले तर मलाच जवळ घेतलंस. "तू नको रडू. तुझं गणित बरुबर व्हतं. माझ्याच हातानं जास्ती पडलं आसंल." पुढं आल्यागेल्याला, अगदी शेवटच्या आजारपणातही, तू हेच सांगायचीस. मी शेजारी बसून ऐकायचे.

आज सगळे गेल्यावर ते जुने आकडे संगणकात घातले. मला ते अजून पाठ आहेत. उत्तर लगेच आलं. कुणाला तरी दाखवावं म्हणून मान वळवली, तर खोलीत कुणी नव्हतं. घरीही कुणी नसतं आता. फार एकटं वाटलं. उद्या त्या पोरीची समजूत काढीन, ते जमेल मला. हे पत्र मात्र कुठल्या पत्त्यावर टाकू?

तू म्हणायचीस ते खरंच होतं, माय. गणित बरोबरच होतं. माझ्या कागदावरही चाराच्या आधी उणे आलं होतं. तुझ्याकडं यायच्या आधी मी ते खोडरबरानं पुसलं.