टोकाच्या घराची पंधरा मिनटं

आप्पा, तुमच्या त्या गजराच्या घड्याळापायी सकाळपास्नं चौघं दारात येऊन भांडून गेले, आन् तुम्ही तिकडं वर निवांत. पाटाच्या पाण्याच्या पाळ्या तुम्ही लावल्या, निस्तरायचं मात्र मी.

झालं असं, की लाइटीच्या तारेतनं इंटरनेट आलंय. हसू नका. कंपनीनं वस्तीच्या डीपीवर, ट्रान्सफॉर्मरच्या खांबाला, पेटी बसवली आन् पुण्यास्नं जुने कॉम्प्युटर आणलेल्या सात घरांना एकेक डबा दिला, बोर्डात खोचायला. पण सातांना मिळून वाट एकच. त्यातला गॅरेजवाला लाइट हाय तोवर पिक्चर उतरवणार, बाकीचे पांढऱ्या पडद्याकडं बघत बसणार. कंपनीच्या माणसाला विचारलं, "वाटतं कोण?" म्हणाला, "बाई, मशीन आपोआप वाटतं." मी म्हणलं, "पाटाला बी आपोआपच पाणी येतं. टोकाला पोचतं का?"

मग तुमची रीत काढली. टोकाकडनं पाळी, घराला अर्धा तास, बाकीच्यांनी डबा काढून ठेवायचा. टोकाच्या म्हातारीला पंधरा मिनटं जादा, कारण तारंनं जाता जाता जोर कमी होतो. तुम्ही बी टोकाच्या वावराला जादा द्यायचा, वाटेत पाणी मुरतं म्हणून. आन् आपला कांदा पाटाच्या तोंडाशी, तो सगळ्यात शेवटी. मी चौथीत होते. कांदा माना टाकतोय बघून काटा पंधरा मिनटं पुढं सरकवला. तुम्ही मारलं न्हाई. समद्यांसमोर घड्याळ माझ्या हातात दिलं आन् म्हणालात, "उद्यापास्नं पाळी हीच बघंल." झाली माझी शाळा.

आता आपलं घर डीपीच्या बुडाशी, म्हंजी परत आपण शेवटी. लाइट येते दुपारी पावणेदोनला, जाते सव्वापाचला. आपली पाळी लागते पाचला. लेकीचा नर्सिंगचा फॉर्म दोनदा अर्ध्यात मेला. पाळी उलटी लावू म्हणलं, तर गॅरेजवाला म्हणतो, "आप्पांची रीत हाय, ताई." आयुष्यात पहिल्यांदा त्याला रीत आठवली.

म्हातारीचा लेक दुबईला. पहिला अर्धा तास त्याचं तोंड पडद्यावर जुळण्यातच जातो. नाक आधी येतं, आवाज मागनं. बोलणं काय ते शेवटच्या पंधरा मिनटात.

काल म्हातारीच्या पाळीतच मी काटा पंधरा मिनटं पुढं सरकवला. फॉर्म भरला, फोटो तेवढा चढायचा राहिला. म्हातारी दारावरनं जाताना म्हणाली, "आज लेक लवकर उठून गेला गं. कामावर बोलावलं आसंल." घड्याळावर तिनं संशय घेतला न्हाई. तुमचं हाय ना ते.

शेवटची तारीख शुक्रवार. अजून एकदा सरकवू का नको, एवढंच सांगा. ही चिठ्ठी तुमच्याकडं टाकायला टपालपेटी कुठली, घड्याळाखालीच ठेवते. गुरुवारी पावणेदोनच्या आत उत्तर पायजे, आन् ह्या वेळी कुणासमोर न्हाई, मला एकटीला.