शेवंतीची पिलं

८ फेब्रुवारी
सकाळी टाकीत पाहिलं तर पाणवेलीला साबुदाणा लटकलेला. जवळ जाऊन पाहिलं. अंडी! शेवंतीची.
गौरीला पुण्याला फोन. ॲक्सोलॉटल, हे पाण्यातले परदेशी जीव, पाळायची हौस तिचीच. ती शिकायला गेली आणि शेवंती-काळूची जोडी माझ्याकडे राहिली. म्हणाली, "आई, फ्रीझरमध्ये टाक सगळी. लोक तसंच करतात. एवढी पिलं ठेवशील कुठं?"
हो म्हटलं. फ्रीझर उघडला. बंद केला.

९ फेब्रु.
थोड्या डहाळ्या खुडून जुन्या काचेच्या पेटीत ठेवल्या. बाकीची अंडी शेवटी फ्रीझरमध्येच. ते केलं. दुपारभर तिकडे पाठ करून भाकरी थापल्या.

१३ फेब्रु.
सासूबाईंची अट कायम. गांडुळांचा डबा गच्चीवरून खाली आणायचा नाही. "पाल पाळलीस ती पाळलीस, वर तिला जीव खाऊ घालतीस. लिंगायताचं घर हाय हे, इसरलीस का?"
"ती पाल नाही, आत्याबाई."
"मंग काय हाय?"
हे काय, ते मला तरी कुठं नीट सांगता येतं! पाण्यातच राहते, चार पाय, मानेशी शेवंतीच्या पाकळ्यांसारखे कल्ले. आमचे हे दुकानाला निघता निघता म्हणाले, "पनीर देऊन बघा." सासूबाई हसल्या नाहीत. मी हसले.

१९ फेब्रु.
दुपारी आत्ताच तापायला लागलंय. ह्या जिवांना गारवा लागतो. माठ हलवून त्या कोपऱ्यात पेटी ठेवली, भोवती ओलं गोणपाट. अंबाजोगाईत ह्याहून गार जागा आमच्या घरात तरी नाही. ह्यांची कुरकुर, माठातलं पाणी कोमट लागतं म्हणून.
अंड्यांतला ठिपका आता वाकडा झालाय. एकानं आतल्या आत कूस बदलली. मी पाहिलं.

२५ फेब्रु.
निघाली! पापणीच्या केसाएवढी.
सासूबाई चष्मा लावून पाटावर बसल्या. "अगं, डोळं हायत की ह्यान्ला!" मग, "आई कुठंय त्यांची?"
"तिला वेगळं ठेवलंय. खाऊन टाकेल."
"कावून?"
"तिला कळत नाही आपली म्हणून."
उठताना म्हणाल्या, "मंग आता तुलाच बघावं लागंल समदं."

२८ फेब्रु.
आजपासून खायला. हलतं तेवढंच पिलांना दिसतं. गच्चीवरच्या पिंपात पाणी हिरवं करून त्यात बारीक पाणपिसवा वाढवल्यात, त्या ड्रॉपरनं सोडल्या. सासूबाई मागेच उभ्या. "ही बी जीवच खाणार?" "हो." "शिवा शिवा." पण बॅटरी त्यांनीच धरली. एकानं पिसू गट्ट केली तेव्हा "खाल्लं! खाल्लं बघ!" त्याच ओरडल्या.

३ मार्च
बाजारातून आले. पेटीतलं पाणी राखाडी, पिलं तळाला.
सासूबाई खुशीत. "इभूत सोडली चिमूटभर. पोरं झाली अन् कुणी इभूत लावली न्हाई त्यान्ला. गौरी झाली तवा मीच लावलती की."
म्हटलं, बरं केलंत. दुसरं काय बोलणार होते...
सासूबाई दुपारी आडव्या झाल्यावर चमच्यानं एकेक पिलू स्वच्छ पाण्यात घेतलं. निम्मी हललीच नाहीत. बेलाच्या कुंडीत पुरली.

५ मार्च
"पोरं कमी दिसत्यात गं."
"पाल्याखाली असतील."
खोटं बोलले. त्या वाकून पाल्याखाली शोधत राहिल्या. ते बघवेना.

९ मार्च, सोमवार
पूजा आटोपून पेटीशी आल्या. चिमटीत पुन्हा विभूती. हात धरला मी. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.
"आत्याबाई, पाण्यात राख त्यांना सोसत नाही."
चिमूट तशीच. मग हळूच, "म्हंजी त्या दिवशी..."
"हो."
"अन् तू बरं केलं म्हणलीस."
जेवल्या नाहीत. संध्याकाळी फक्त एक पेला दूध.

१२ मार्च
कोपऱ्याकडे फिरकत नाहीत. माठ आता दुसरीकडे आहे, तरी तिथलंही पाणी उठून घेत नाहीत, मला मागतात. गौरीचा फोन: "आजी का बोलेना गं?" मी म्हटलं, ऊन लागलंय.
पिलं बरी आहेत. हे कुणाला तरी सांगावंसं वाटतं. म्हणजे त्यांनाच.

१४ मार्च
स्वयंपाक करता करता मोठ्यानं म्हटलं, एकाला पुढचे पाय फुटलेत. माजघरातला जपाचा आवाज थांबला.

१६ मार्च, सोमवार
न्हाऊन आले तर पेटीच्या काचेवर बाहेरून विभूतीच्या तीन आडव्या रेघा. बोटांच्या. नेमकं पाय फुटलेलं पिलू त्यामागे येऊन टेकलेलं.
स्वयंपाकघरातून, "भायरून चालती का गं?"
"चालते, आत्याबाई."
"मंग गोणपाट भिजव. ऊन लई हाय आज."
भिजवलं. चहूबाजूंनी लावायला हवं होतं, तरच पाणी गार राहतं. पण रेघा पुसतील म्हणून ती एक बाजू उघडी ठेवली. दुपारपर्यंत पाणी थोडं कोमट. पिलं हलताहेत.
एप्रिल अजून यायचाय.