तबकडीतले तात्या

प्रिय तात्या,

काल तुमच्या नाटक मंडळीतले दोघे लोणावळ्याला घरी आले होते. रविवारी तुमची शोकसभा आहे, तिथे तुमची पहिली तबकडी वाजवायची म्हणे. "एकच उरलीय, ताई, तुमच्याकडे. द्याल ना?" उद्या सांगते म्हटलं. आधी तुमच्याशीच बोलायचंय, म्हणून लिहितेय.

पदकं मिळवलीत, राजेरजवाड्यांच्या शाली पांघरल्यात. खोटं कशाला बोलू, गळा होताच तसा! पण घरी आलात की "घसा जपायचाय" म्हणून गप्प. आईसाठी कधी एक ओळ तरी गायलात का हो?

तिचा ताप उतरेना, तेव्हा मी चौदा वर्षांची होते. दोन तारा केल्या. तुम्ही कुठे होतात? तळेगावात! गाडीनं तासाभराची वाट. उत्तर आलं, "खेळ लागलेत, संपताच येतो." इकडे दाराशी पाऊल वाजलं की आई विचारायची, "आले का गं?"

तुमची हीच तबकडी घरात होती, वाजवायला फोनो नव्हता. बाजारातल्या हुसेनचाचांकडे मागायला गेले, तर ते स्वतःच उचलून घेऊन आले. "पोरी, किल्ली मी देतो. तू आईजवळ बस."

आईचे डोळे उघडत नव्हते. मी म्हटलं, "तात्या आलेत." माजघरातून तुमचं पद सुरू झालं. काय हसली हो ती! "माझ्यासाठी गातायत," म्हणाली.

पद संपलं आणि तुम्ही खणखणीत आवाजात स्वतःचं नाव सांगितलंत, मंडळीच्या नावासकट! तेव्हा तबकडीच्या शेवटी सगळेच गवई सांगायचे. मला मेलीला ते आठवू नये?

आईनं माझा हात सोडला. "घरी आलेला माणूस नाव सांगतो होय गं?"

त्यानंतर तिनं एकदाही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी गेली. तुम्ही पाचव्या दिवशी आलात.

हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. खोटं मीच बोलले होते ना! पण बोलायची वेळ कुणी आणली, तात्या?

तबकडी देते. फोडणार नाही, शब्द देते. सभेलाही येईन, पद ऐकेन, रडेनसुद्धा. पण ते संपत आलं की उठून बाहेर जाईन. तुमचं नाव लोकांना ऐकू दे. ते त्यांच्यासाठीच सांगितलं होतंत.

तुमची मुलगी,
इंदू