म्यू, एक प्रकरण पुढे

९ जानेवारी

परत तोच! सकाळी कॉफी घेऊन बसले, पासवर्ड बदलण्याच्या कमांडचं मॅन्युअल उघडलं. तिसऱ्या परिच्छेदात चूक. उदाहरणात दिलेला पर्याय दोन वर्षांपूर्वीच काढून टाकलाय. म्हटलं चला, आज वेंडेलला पाठवायला काहीतरी मिळालं. मेलिंग लिस्ट उघडली तर तिथे तीच ओळ, तीच चूक, दुरुस्तीसकट! पाठवणारा – म्यू. आडनाव नाही, गाव नाही. नुसतं म्यू.

या आठवड्यात हे तिसऱ्यांदा.

मार्मट या ऑपरेटिंग सिस्टीमवर पुस्तक लिहायचं तर दुसरा रस्ताच नाही. प्रत्येक कमांड स्वतः चालवायची, मॅन्युअलशी ताडून बघायची, जुळलं नाही तर कळवायचं. आमच्यात मॅन्युअलमधली चूक म्हणजे प्रोग्रॅममधलीच चूक. बाकीच्या ऑपरेटिंग सिस्टीमवाले हसतात. हसू देत. जी सिस्टीम ‘आमच्यात कुणी घुसू शकत नाही’ म्हणून मिरवते, तिच्या कागदात तरी खोटं नको.

पण मग हा म्यू काय करतोय?

१० जानेवारी

आज डिस्कला कुलूप घालण्याच्या पानावर त्याच्या दोन दुरुस्त्या. ते प्रकरण मी पुढच्या आठवड्यात घेणार होते.

१३ जानेवारी

चिनूक, डोंगरावरून येणारा गरम वारा, सुटलाय. कालपर्यंत गाडीचं इंजिन रात्रभर विजेवर गरम ठेवत होतो, आज रस्त्यात पाणीच पाणी. या वाऱ्यात माझं डोकं ठणकतं, तरी बर्फावर दगड सरकवण्याच्या खेळाच्या, कर्लिंगच्या क्लबात गेले, कारण वेंडेलला गाठायचं होतं.

वेंडेल ओयामा मार्मटचं मॅन्युअल सांभाळतो. इतकी वर्षं झाली, त्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय त्यात एक स्वल्पविरामही शिरलेला नाही. आल्यातलं बीफ मागवलं आणि विचारून टाकलं, “हा म्यू कोण रे?”

“कोण म्हणजे?”

“बाई की बुवा, कुठला, पोटापाण्याला काय करतो.”

“मांजर असेल. पण स्वल्पविराम जागच्या जागी देतं. तुझ्यापेक्षा बरं.”

“वेंडेल, गंमत नको.”

“गंमत कुठे करतोय? अगं, कोण ते आपण विचारत नाही. काय पाठवलंय ते बघतो. तू आलीस तेव्हा तुला विचारलं होतं का कुणी, की बाई गं, तू कोण?”

नव्हतं विचारलं. उलट तेच तर मला आवडलं होतं. मग काय, त्याच्या ताटलीतलं बीफही संपवलं.

घरी येताना मात्र एकच विचार. मॅन्युअल असं ओळन् ओळ कोण वाचतं? पुस्तक लिहिणारा. आणखी कुणी नाही! नऊ वर्षांत मार्मटवर एक नवं पुस्तक आलं नाही, आणि आता येणार ती दोन?

१५ जानेवारी

टोरांटोला फिलिपाशी बोलले. माझी संपादक. अगदी सहज विचारतेय असं दाखवून विचारलं, की समजा याच विषयावर दुसरं कुणाचं पुस्तक आधी आलं तर?

“कुणाचं येतंय?” लगेच!

“कुणाचं नाही हो. समजा.”

“समजा आलं, तर डार्का, करारात आहे ते. आम्ही माघार घेऊ शकतो. आणि खरं सांगू का, घेऊच. तुमचं मागच्या शरदात यायचं होतं, आठवतंय ना?”

आठवतंय. तेल कंपनीत अठरा वर्षं मी झडपांची आणि पंपांची माहितीपत्रकं लिहिली. एकावरही माझं नाव नाही. कंपनीने माणसं कमी केली तेव्हा त्या पहिल्या यादीत मात्र होतं. या पुस्तकाच्या पाठीवर ‘डार्का ह्रिन्चुक’ असं छापलेलं मला बघायचंय. त्यापुढे मला काही सुचत नाही, आणि ते कुणी हिसकावलं तर मी फार वाईट वागेन असं वाटतं.

१७ जानेवारी

सगळं काम बाजूला ठेवलं आणि म्यूने आजवर पाठवलेल्या दुरुस्त्या क्रमाने लावल्या. वाटलं होतं, मुळाक्षरांच्या क्रमाने जात असेल. नाही. आधी सिस्टीम बसवणं, मग पासवर्ड, मग डिस्क, मग वापरणाऱ्यांची खाती, आता फायरवॉल.

हा माझा क्रम आहे! फायरवॉलच्या आधी खाती कुणीच घेत नाही. त्यावरून वेंडेलशी माझं कडाक्याचं भांडण झालं होतं.

माझी अनुक्रमणिका प्रकाशकाच्या संकेतस्थळावर उन्हाळ्यापासून पडून आहे. म्हणजे हा पठ्ठ्या ती समोर ठेवून, माझ्याच आराखड्यावर, माझ्यापेक्षा भराभर घर बांधतोय. चोर!

२० जानेवारी

एक प्रयोग केला. मधली प्रकरणं सोडून एकदम अकराव्यावर उडी मारली, बॅकअपच्या पानावरची एक दुरुस्ती मुद्दाम वाजतगाजत लिस्टवर टाकली. बघू, धावत येतो का.

ढिम्म हलला नाही. आठव्यावर आहे, आठव्यावरच राहिला.

मात्र त्याच्या नोंदी वाचण्यात दुपार गेली. विचित्र माणूस! चार-चार दिवस काही नाही, मग एकदम दहा येतात. आणि लिहितो असं – ‘ही ओळ वाचून मी चुकीची कळ दाबली. माझ्यासारखी आणखी माणसं असतील.’ पुस्तक लिहिणारा स्वतःला एवढा वेंधळा कशाला दाखवेल?

बहीण खसखशीचा रोल घेऊन आली होती. ओर्सियाला संगणकातलं काही कळत नाही, पण मत असतं. म्हणाली, “तुरुंगात असेल. तिथे आठवड्यातून एकदाच पत्र टाकू देतात.”

“तुरुंगात मार्मट कशाला?”

“तूच म्हणतेस ना, त्यातून कुणी सुटत नाही म्हणून.”

“घुसत नाही, असं म्हणते मी.”

“तेच ते,” म्हणाली आणि निम्मा रोल स्वतःच खाल्ला. जहाजावर असेल का? खाणीत? नकाशा उघडून बसले. वेड लागलंय मला.

२४ जानेवारी

फायरवॉलच्या पानात म्यूने एक परिच्छेद नव्याने लिहून पाठवला. वेंडेलने एक शब्दही न बदलता घेतला, हे कधी घडत नाही. वाचला, आणि माझी दोन पानं काढून टाकली. त्यांची गरजच उरली नाही! मी जे रेटून रेटून समजावत होते, ते याने चार वाक्यांत सांगितलंय.

राग आला. मग परत वाचला, परत आवडला.

वेंडेलचा फोन, “वाचलंस?”

“वाचलं. माझं पुस्तक दोन पानांनी रोड झालं.”

“उत्तम. असंच चालू दे. शेवटी नुसतं कव्हर उरेल, त्यावर तुझं नाव. तुला तेवढंच हवंय ना?”

हसले. पण लागलं.

२७ जानेवारी

फिलिपाचं म्हणणं, फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत दिलंत तर वसंतातच काढू. म्हणजे म्यू कुठेही असो, मी आधी!

पण तेवढ्यात सगळं होणं नाही. काहीतरी गाळायला हवं. चौदावं गाळते. ‘कुणीतरी आत शिरल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी.’ बाकी प्रकरणांना टेकायला मॅन्युअल आहे, याला एकही पान नाही. कमांड चालवून बघावी असं त्यात काही नाही. घाबरलेल्या माणसाने आधी काय करावं आणि काय अजिबात करू नये, एवढंच. चार वेळा लिहिलं, चारही वेळा फाडलं.

वेंडेलला विचारलं. “ते हवंय कशाला? आपल्यात कुणी शिरतच नाही.”

“माणूस दार उघडं टाकतो ना, वेंडेल.”

“मग ते माणसांच्या पुस्तकात घाल.”

गाळलं. हायसं वाटलं. हायसं वाटलं याची लाजही वाटली.

३ फेब्रुवारी

म्यू तेराव्यावर पोचला. सिस्टीममधल्या घडामोडींच्या नोंदी कशा ठेवायच्या, त्यावर तीन दुरुस्त्या. माझंही तेरावं आजच संपलं. पहिल्यांदाच बरोबरीत.

५ फेब्रुवारी

काही नाही.

८ फेब्रुवारी

अजून काही नाही. इतका खंड कधीच पडला नव्हता. मला आनंद व्हायला हवा. स्पर्धेतला घोडा बसला! पण रोज उठून आधी लिस्ट बघते आणि मग दात घासते. पुस्तक पुरं करून प्रकाशकाला दिलं असेल का? आजारी असेल का? मुळात तो आहे कोण?

वेंडेलनेही विचारलं, “तुझं मांजर कुठे गेलं गं?”

“आपण विचारत नाही ना?”

“कोण ते विचारत नाही. कुठे गेलं ते विचारायला हरकत नाही.”

१० फेब्रुवारी

नियम मोडला. म्यूला थेट लिहिलं, लिस्ट सोडून. पहिल्या मसुद्यात वकिलासारखी झाले, दुसऱ्यात मावशीसारखी. शेवटी दोनच ओळी – तुम्ही माझ्या अनुक्रमणिकेवरून पुस्तक लिहिताय का? लिहीत असाल तर ते कधी येतंय?

पाठवलं.

मग पुस्तक फिलिपाला पाठवलं. तेरा प्रकरणं. मागची दोन परिशिष्टं पुढे ओढली, चौदावं कधी नव्हतंच असं दिसतंय. सफाईदार काम. अठरा वर्षांचा अनुभव आहे.

११ फेब्रुवारी

फिलिपा खूश! ‘सोमवारी छपाईला जातंय. कव्हर जोडलंय, बघा.’ बघितलं. पाठीवर माझं नाव. आडनावाचं स्पेलिंगसुद्धा बरोबर! ओर्सियाला पाठवलं, ती रडली. मीही थोडी.

१३ फेब्रुवारी

म्यूचं उत्तर आलं. जसंच्या तसं उतरवते.

‘पुस्तक? नाही हो, मी नर्स आहे. उत्तरेला, विमानाशिवाय पोचता येत नाही अशा गावात. दवाखान्याचे संगणक मार्मटवर चालतात, ते मीच बघते, दुसरं कुणी नाही. तुमच्या पुस्तकाचे पैसे मागच्या शरदात भरलेत. ते येईना, म्हणून तुमची अनुक्रमणिका भिंतीला लावली आणि एकेका प्रकरणाची पानं मॅन्युअलमधून वाचत गेले. नेट असेल तेव्हा चुका कळवल्या. राग आला असेल तर माफ करा. चौदाव्याचं पान मात्र कुठेच सापडत नाही. आमच्यातल्याच कुणीतरी पासवर्ड कुणालातरी सांगितला असावा. गेल्या आठवड्यात मशीनमध्ये कुणी शिरलंय. आत गावातल्या सगळ्यांचे आजार आहेत. मी कशालाच हात लावलेला नाही. हे फोनवरून लिहितेय. पुस्तक नंतर येऊ दे, आधी काय करायचं तेवढं एक सांगाल का?’

लिहिलं – मशीन बंद करू नका. नेटची तार काढा आणि मला फोन करा, मी घरीच आहे. खाली नंबर दिला.

मग टोरांटोला फोन लावला आणि फिलिपाला म्हटलं, थांबवा.