सहा बाउलांचा पाइप

२ मार्च, सोमवार

आज पाइप घेतला. अॅल्युमिनियमची दांडी आणि तिच्यावर फिरवून बसवायचे, तंबाखू भरायचे सहा लाकडी बाउल. साहेब ओढतात त्याच कंपनीचा, हा योगायोग नाही.

साहेब महिनाअखेरीला रिटायर होतायत. खरेदी खात्याच्या खिडकीजवळच्या खुर्चीवर पुढे कोण बसणार, ते साहेबच सुचवणार. उमेदवार दोन. एक मी. दुसरा समोरच्या टेबलावरचा घड्याळ. नवाला येतो, साडेपाचला जातो, मधे टिकटिकसुद्धा करत नाही, म्हणून घड्याळ. मी वीस वर्षं त्या खुर्चीकडे तिरक्या मानेने बघतोय. मान आता तशीच राहिलीय. खुर्ची मिळाली की सरळ होईल.

साहेब दिवसातून तीनदा मागच्या गेटजवळच्या शेडमध्ये जातात. आमचा रंगांचा कारखाना. जिकडेतिकडे थिनरचे ड्रम. काडी पेटवायची मुभा फक्त त्या शेडमध्ये. तिथे साहेब एकटे असतात. मोठे निर्णय माणूस एकटा असतानाच घेतो. तेव्हा मी तिथे असलं पाहिजे.

संकल्प: धूम्रपान कधीच करणार नाही. फक्त पाइप ओढेन.

संध्याकाळी ७

घरी प्रात्यक्षिक दाखवलं. तत्त्व समजावलं. दांडी कायम, वरचं डोकं तेवढं बदलायचं. ही म्हणाली, चिलीम आणलीत होय. चिरंजीव म्हणाले की बाबा, डोकं बदलायची सोय आहे हे आधी कळलं असतं तर... वाक्य पूर्ण केलं नाही. आजकालच्या मुलांना काहीच पूर्ण करायची सवय नाही.

४ मार्च

गॅलरीत सराव. वाळत घातलेले कपडे हिने पुन्हा धुवायला टाकले. फक्त बादली जरा जोरात आपटली.

दांडीच्या बुडाशी काळं पाणी साठतं आणि ऐन रंगात आलं की तोंडात येतं. कडू जहर. माहितीपत्रकात याचा उल्लेख नाही. बहुधा ही चव हळूहळू लागत असावी. डोळ्यांतून पाणी का येतंय असं हिने विचारलं. म्हटलं, विचार करतोय.

६ मार्च

शेडमध्ये पहिला दिवस. साहेबांनी भुवया उंचावून विचारलं, तुम्ही कधीपासून? म्हटलं, कॉलेजपासून. हे अगदीच खोटं नाही. कॉलेजात एकदा मित्राचा हातात धरला होता.

साहेबांचं धूर सोडणं बघण्यासारखं असतं. पांढरी झुपकेदार मिशी, त्यातून धूर हळूहळू वाट काढतो. मधे ते बराच वेळ काहीतरी म्हणाले. मला नेमका खोकला आला, एक अक्षर ऐकू आलं नाही. मी समंजसपणे मान डोलावली. दोन पाइपवाल्यांना शब्दांची गरज नसते.

परत आलो तर टेबलावर घड्याळची चिठ्ठी. पत्र्याच्या डब्यांच्या सप्लायरचे दोन फोन येऊन गेले, त्याने परस्पर निपटवले. बिचारा. कारकुनी कामं करायलाही कोणीतरी लागतंच.

१० मार्च

आता तिन्ही वेळा शेडमध्ये जातो. साहेबांच्या आधी पोचतो, त्यांच्यानंतर निघतो. बाउलांची वाटणी ठरवली. चिंतनाचा, चर्चेचा, जेवणानंतरचा. उरलेल्या तिघांना अजून काम सापडलेलं नाही.

दुपारी रेझिनचा ट्रक गेटवर अडकला. माझी सही हवी होती. घड्याळ कागद घेऊन थेट शेडपर्यंत आला आणि नाक दाबून बाहेरच उभा राहिला. साहेब त्याच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. तुलना होत होती हे स्पष्ट दिसलं. नाक दाबून कोणी मोठं झालंय का?

१३ मार्च, शुक्रवार

झालं! साहेबांनी आज स्वतःचा एक बाउल मला ओढून बघायला दिला. साधासुधा नाही. त्यांच्या वडिलांनी त्यांना पहिल्या नोकरीच्या वेळी दिलेला. काठाला जुना करडा डाग. आपल्या दोघांच्या दांड्या सारख्याच, तेव्हा बसेल, म्हणाले. सोमवारी परत आणा, एवढंच सांगितलं.

वडिलांची वस्तू माणूस कोणालाही देत नाही. खुर्ची हा आता उपचार राहिला.

हिला सांगितलं की काम झाल्यात जमा आहे. ही इतकी खूश झाली की पाइपबद्दल पहिल्यांदाच चांगलं बोलली. लगेच बहिणीला फोन लावला. मी ऐकत होतो. अगं, यांना साहेबांची जागा मिळतेय, असं म्हणाली. तिचा आवाज तसा फार वर्षांनी ऐकला.

१४ मार्च

आनंदाच्या भरात साहेबांचा बाउल लागोपाठ दोनदा ओढला. मग आपला बसवावा म्हणून साहेबांचा फिरवला. फिरला. थोडा. मग अडकला.

आता पुढेही नाही, मागेही नाही.

माहितीपत्रक पुन्हा वाचलं. शेवटच्या पानावर, जाड अक्षरात: दांडी गरम असताना बाउल फिरवू नये. अशा गोष्टी पहिल्या पानावर नकोत का?

१५ मार्च, रविवार

साबण. तेल. पक्कड. मग फ्रीजर. फ्रीजरमध्ये बाउल तसाच राहिला, पण बर्फाला तंबाखूचा वास लागला. चिरंजीवांनी तो बर्फ सरबतात घातला आणि नंतर तासभर चुळा भरत होते. तरुण पिढीत सहनशक्ती नाही.

दुपारी दारात धरून पीळ दिला. बिजागरी निघाली, बाउल नाही. ही म्हणाली, द्या तसाच, साहेबांना सांगा अडकला म्हणून, माणूसच आहेत ते. हिला राजकारण कळत नाही.

१६ मार्च

साहेबांना म्हटलं, अजून चार दिवस राहू द्या, मन भरलं नाही. साहेब हसले. पाइप कुठाय, असं विचारलं. म्हटलं, त्याला विश्रांती देतोय. मग नुसताच बसलो. पाइपशिवाय शेडमध्ये बसणं म्हणजे हातात काय धरायचं हा प्रश्न पडतो. साहेबांची काड्यापेटी धरली.

१९ मार्च

इतके दिवस सुचलं कसं नाही? थिनर! वीस वर्षं आपणच तर मागवतोय. जगातली कुठलीही घट्ट चिकटलेली गोष्ट थिनरने सुटते. सॅम्पलची बाटली घरी आणली होती. काल बाउल दांडीसकट पेल्यात बुडवून ठेवला. आज सकाळी दोन बोटांनी अलगद फिरवला.

सुटला!

पुसला, कपड्याने घासला. नव्यासारखा चकाकतोय. लाकडाने बरंच थिनर पिऊन टाकलं, पेला निम्मा झाला होता. वास थोडा येतो. पण आमच्या कारखान्यात टिफिनलाही थिनरचा वास येतो. कोणाला काही कळणार नाही.

२० मार्च, सकाळी ११

शेडमध्ये निघालोय. बाउल खिशात. आज साहेब विषय काढतीलच.

११.४०

साहेबांनी काडी लावली.

दुपारी १

मिशीची उजवी बाजू पूर्ण गेली. डाव्या बाजूचा थोडा भाग आहे. साहेबांना बाकी काही झालं नाही, देवाची कृपा. त्यांनी पाइप झटकून खाली टाकला आणि बूट ठेवून विझवला. सेफ्टी ऑफिसर वाळूची बादली घेऊन धावत आला आणि त्याने ती माझ्यावर ओतली. माझ्यावर का, ते त्यालाही सांगता आलं नाही.

बाउल काळा ठिक्कर झाला. साहेबांनी तो उचलला, थंड होईपर्यंत हातात फिरवत राहिले, मग रुमालात गुंडाळून खिशात ठेवला. ओरडले असते तर बरं झालं असतं.

२३ मार्च

साहेबांनी बोलावलं. उरलेली मिशीही काढून टाकलीय. समोर कोणी दुसराच माणूस बसल्यासारखं वाटत होतं, म्हणून माफी मागणं अवघड गेलं. मागितली. मिशी काय, येईल परत, असं म्हणाले. बाउलबद्दल काहीच म्हणाले नाहीत.

मग म्हणाले की खुर्चीसाठी घड्याळचं नाव वर पाठवलंय.

मी म्हटलं, एका मिशीसाठी?

साहेबांनी मान हलवली. म्हणाले की फेब्रुवारीपासून त्यांच्या मनात माझंच नाव होतं. कारण ते शेडमध्ये असले की टेबलावर कोणीतरी आहे याची त्यांना खात्री असायची. वीस वर्षांत मी एकदाही तिकडे फिरकलो नव्हतो. पहिल्या दिवशी शेडमध्ये त्यांनी मला हेच सगळं सांगितलं होतं म्हणे. तुमचंच नाव देतोय, पण तुम्ही इथे येत जाऊ नका, टेबल सांभाळा. आणि मी मान डोलावली होती.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. जिन्यात उभा राहिलो, खिशात हात घातला तर हाताला पाइप लागला. तिथे काडी पेटवायला बंदी आहे म्हणून पेटवला नाही.

घरी सांगितलं नाही. हिच्या बहिणीचा अभिनंदनाचा फोन येऊन गेला होता.

३१ मार्च

साहेबांना निरोप. हार, भाषणं, फोटो. मिशी थोडी फुटलीय. जाताना माझा हात हातात घेऊन जरा जास्त वेळ धरला. शेड सेफ्टी ऑफिसरने कायमची बंद केली.

साडेपाचला घड्याळ खिडकीजवळच्या खुर्चीवर बसलेला होता. साडेपाच वाजून गेल्यावरही बसलेला होता. शिवाय त्या खिडकीतून वारा येतो. मानेला चांगला नाही.

घरी आलो. आता लपवून भागणार नव्हतं. हिला सांगितलं की खुर्ची घड्याळला मिळाली. हिने गॅस बारीक केला, माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, म्हणजे वरचं डोकं बदललं. दांडी तीच.

पाइपमधलं हिला काही कळत नाही.