रुखवतातली पिशवी

माय,

मला तुझा राग आलाय, आणि तो आजचा नाही. मी शाळेत होते तेव्हापासूनचा आहे, मधली सगळी वर्षं नुसता घडी घालून ठेवला होता. परवा एक बाई दुकानात आल्या आणि ती घडी मोडली. दुकान म्हणजे विष्णुपुरीच्या रस्त्यावर किरायानं घेतलेली खोली, मशीन, कापायचं टेबल आणि भिंतीवर टांगलेल्या माझ्या पिशव्या. हो, मी पिशव्याच शिवते. मांडवाचं जुनं कापड, देगलूरच्या बाजारातली विटकी लुगडी, धुतलेली खताची पोती, जे हाताला लागेल ते घेते आणि त्याच्याकडे बघत बसते. कधी कधी आठवडाभर नुसती बघत बसते, मग एकदम कात्री चालते. एकीसारखी दुसरी पिशवी होत नाही, करायचीही नसते. इथल्या इंजिनिअरिंगच्या पोरी घेतात, पुण्याच्या प्रदर्शनातही जातात. तिथं एकीनं पिशवी उलटीपालटी करून विचारलं, "हे कुठलं पारंपरिक काम?" मी म्हटलं, "पारंपरिक नाही, माझं आहे." तिला काही ते पटलं नाही. हातातलं काम माझंच आहे हे लोकांच्या गळी उतरवण्यात माझं अर्धं आयुष्य चाललंय, आणि माय, त्याची सुरुवात तुझ्यापासून झाली.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. कचेऱ्यांच्या पाट्या नव्या, साहेब लोक घरं शोधत फिरतायत, आणि पावसाचा मात्र पत्ता नाही. दादा दुष्काळी कामावर खडी फोडायला जात आणि तू मशीनवर बसायचीस. नव्या कचेरीतल्या एका साहेबाची बायको, बड्या शेतीवाडीच्या घरातली, लेकीच्या रुखवतासाठी पिशवी सांगून गेली. मी तुझ्या मागंच लागले, ही मी करणार म्हणून. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या पताका कापताना कडेला निळे तुकडे उरतात, ते तू डब्यात जपून ठेवायचीस. साखरेच्या पोत्याच्या पांढऱ्या कापडावर मी ते त्रिकोण मांडते आहे, मोडते आहे, पुन्हा मांडते आहे. शेवटी ते असे बसले की पिशवीच्या तळातून पाखरं उठून तोंडाकडे निघालीत. हातानं शिवली मी ती, टाके वाकडेतिकडे, पण पहिल्यांदाच मला वाटलं की हे दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. तू ती हातात घेतलीस आणि तुझं तोंड उतरलं.

"आगं, रुखवतात मांडणार हायेत ती. चार सोयरे बघत्याल. निळं बघून कुणी इचारलं, कुणाच्या घरून आली, मंग?"

"मंग सांगायचं, मी शिवली म्हणून."

"तेच तर सांगायचं न्हाई. नवरीच्या हातची म्हणून मांडत्यात ती."

मी हट्ट धरला. तू आवाज चढवला नाहीस, घागर माझ्या हातात दिलीस आणि टँकरच्या रांगेला पाठवलंस. अर्धी घागर घेऊन मी परत आले तर मशीनवर गुलाबी फुलाफुलांच्या कापडाची पिशवी तयार. माझी कुठाय विचारलं, तर मान वर न करता म्हणालीस, "उसवून टाकली. लई वाकडी झाली होती." लग्नाच्या दिवशी मी मांडवाच्या कडेला उभी राहून ते रुखवत बघितलं. बोरांच्या आकाराचे लाडू, कापसाची बदकं, मधोमध ती गुलाबी पिशवी, आणि पुढं पुठ्ठ्यावर नवरीचं नाव. बायका नवरीच्या हाताचं कौतुक करत होत्या.

त्यानंतर मी सुईला हात लावला नाही. वाकडी झाली होती ना! पुढं किनवटला वसतिगृहात नोकरी लागली. पोरींची दप्तरं फाटायची, ती शिवून द्यायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून ठिगळं लावता लावता हात पुन्हा वळला. तू तोवर गेली होतीस. माझी एकही पिशवी तुझ्या पसंतीला उतरली नाही, असं मी परवापर्यंत समजत होते.

तर परवाच्या बाई. साठीच्या घरातल्या, बोलायला गोड. पिशवी टेबलावर ठेवून म्हणाल्या, "बंद तुटलेत हो हिचे. माझ्या स्वतःच्या हातची आहे, रुखवतातली. तेव्हा आम्ही लातूरला होतो." गुलाबी रंग पार उडालेला, पण ते फूल मी झोपेतही ओळखलं असतं. स्वतःच्या हातची! मला संताप आला. त्यांचाही दोष म्हणावा तर त्या मनापासून बोलत होत्या. इतकी वर्षं सांगून सांगून त्यांना ते खरंच वाटत असणार. "गुरुवारी या," एवढंच म्हणाले.

त्या गेल्यावर बंद बसवायला म्हणून तोंडाची शिवण उसवली, तर बाहेरचं गुलाबी आणि आतलं गुलाबी अस्तर यांच्या मधे पांढरं लागलं. आणखी उसवलं, तर निळं. माय, माझी पिशवी आत होती. अख्खी. तू तिचा एक टाकासुद्धा काढला नव्हतास, त्या निळ्याला कात्री लावायला तुझा हात धजला नसणार. उलट माझ्या प्रत्येक वाकड्या टाक्यावरून तू मशीन फिरवलं होतंस, आणि तेही निळ्या दोऱ्यानं. तो दोरा तू जयंतीशिवाय कशालाच वापरत नव्हतीस, मला दादांच्या सदऱ्याला साधं बटण लावू देत नव्हतीस त्यानं. कुणालाच दिसणार नाही अशा जागी तो कशासाठी घातलास? चांगली होती ना ती? तुला कळलं होतं, मग सांगितलं का नाहीस मला? जगापासून लपवायची होती तर लपवायचीस, माझ्यापासून का लपवलीस? आपल्याला काही येत नाही असं समजून मी माझी तरणी वर्षं घालवली, आणि माझं काम त्या बाईच्या कपाटात गुलाबी पांघरूण घेऊन निजलेलं. इतकी कसली ती भीती? ते सोयरे काय खाणार होते तुला? काम तुटलं असतं, आपली किरायाची खोली सोडावी लागली असती, हे मला आज समजतं. समजतं म्हणून राग जातो असं नाही.

काल सगळं गुलाबी कापड काढून टाकलं. निळी पाखरं वर आणली, नवे बंद लावले, पिशवी टेबलाच्या मधोमध उभी केली. उद्या गुरुवार. त्या आल्या की सांगणार आहे, ही मी शिवली, सातवीत असताना शिवली, आणि वरचं कापड माझ्या मायनं का चढवलं तेही सांगणार आहे. कटिंगच्या खाकी कागदावर हे तुला लिहिते आहे, सकाळी याच्यावरच खडूनं आखून एक नवीन पिशवी कापेन. टाकणार तरी कुठल्या पेटीत होते!

एक सांगायचं राहिलं. ते गुलाबी कापड मी फेकलेलं नाही. धुतलं, इस्त्री केली, आणि आता मघाशी उठून त्या पिशवीवर परत चढवून ठेवलंय. शिवलेलं नाही, नुसतं टाचण्यांनी टाचलंय. उद्या आधी त्यांचा चेहरा बघेन, मग टाचण्या काढायच्या का ते ठरवेन.