थोरलीचा दगड

आई,

तू गेल्याला इतकी वर्षं झाली, की आता तुझा आवाज आठवायचा तर आधी तुझं ओरडणं आठवावं लागतं. ते लगेच येतं. नोव्हेंबरात मृतांच्या दिवसाच्या आदल्या दुपारी तू मला सिमेट्रीत न्यायचीस, एका हातात बादली, दुसऱ्यात काथ्याचा बोळा, आणि पपांच्या पहिल्या बायकोचा पांढरा दगड आपण दोघी घासायचो. साबण नाही, सोडा नाही. संगमरवर नुसत्या पाण्याने धुवायचा, नाहीतर अक्षरं जातात, हे तुझं ठरलेलं. तिला तू ‘थोरली’ म्हणायचीस, जशी काही ती आतल्या खोलीत पडली आहे आणि मघाशीच तिला चहा देऊन आलीस. मी सात-आठ वर्षांची असेन. दगडावर बूड टेकून मी विचारते, “ती आपली कोण लागते गं? मेली ना ती?” आणि तुझा ओला धपाटा माझ्या पाठीत. “ऊठ तिथनं! ती गेली म्हणून मी ह्या घरात आली. मी आली म्हणून तू. कळलं? ओत पाणी.”

घरातही तेच. ख्रिसमसला मैद्याचे गोड फुगे तळायला बसलीस, की तेलातून निघालेला पहिला फुगा वाटीत बाजूला. थोरलीचा. मग तिच्या माहेरी गोराईला डबा भरून न्यायचा, होडीतून, तू स्वतः. मला चल म्हणायचीस, मी रुसून कधी आले नाही. मला रागच यायचा तुझा. पपांची बहीण प्रत्येक लग्नाच्या मांडवात तुझी ओळख करून द्यायची, “ही आमच्या भावाची दुसरी,” आणि तू हसून पदर सावरायचीस. हसायचीस काय गं? पुढे पपा गेले, मग तू. घराण्याची कबर एकच, एकाच्या हाडांवर दुसरा, आणि दगडही एकच. वर थोरली, ऐसपैस. मध्ये पपा. तळाला उरलेल्या चार बोटं जागेत तू, बारीक अक्षरांत, कोंबून बसवलेली. ते पाहिलं की दरवेळी माझं डोकं फिरायचं.

आता माझं ऐक. रिटायर झाल्यावर मला नवंच खूळ लागलं. आपल्या गावठाणातल्या घराघरांच्या वंशावळी मी लावते. आजूबाजूला टॉवर उठले, डोक्यावरून मेट्रो जाते, निम्मी घरं परदेशात गेली, आणि तिकडे गेल्यावर लोकांना खापरपणजोबा आठवतात. कोणाचा कोण कुठे पुरलाय ते मी शोधून देते. रविवारी चार माणसं घेऊन सिमेट्रीत जाते, जुन्या दगडांवरचं शेवाळ काढते, फोटो घेते, नावं लावते. चर्चच्या हॉलमध्ये माइक धरून सांगतेसुद्धा, “जुना दगड फेकू नका हो! चकचकीत ग्रॅनाइटच्या मागे लागू नका. दगड गेला की माणूस परत एकदा मरतो.” असली वाक्यं मला आता झकास जमतात. लोक टाळ्या वाजवतात.

ह्या पावसाळ्यात आपल्या दगडाला तडा गेला. तो सांधता आला असता. कसा सांधायचा ते मीच लोकांना शिकवते. पण मी गेले ग्रॅनाइटवाल्याकडे, कोणाला न सांगता, कुर्ल्याला, म्हणजे ओळखीचं कोणी भेटायला नको. तो म्हणाला, “मॅडम, तीन नावं घेतली तर अक्षरं बारीक होणार. दोनच ठेवूया ना, मग वर फोटोपण मस्त बसेल.” मी म्हटलं, “दोनच ठेव.” इतकंच. विचार करते म्हटलं नाही, घरी जाऊन येते म्हटलं नाही. आई, खरं सांगते, तेव्हा मला आनंद झाला. माझी आई एकदाची नवऱ्याच्या शेजारी. तुमचा लग्नातला फोटो काळ्या दगडावर इतका छान उठला की मी तो फोनवरसुद्धा लावला. हे सगळं तुझ्यासाठी करतेय, असं मी स्वतःला सांगत होते. तू कधी मागितलं नव्हतंस, ते मी सोयीस्कर विसरले.

परवा मृतांच्या दिवशी सिमेट्री माणसांनी फुललेली, सगळीकडे झेंडू आणि मेणबत्त्या. गेटपाशी कोणीतरी एका म्हाताऱ्या बाईला माझ्याकडे पाठवलं, “त्या मॅडमना विचारा, त्यांना सगळ्या कबरी पाठ आहेत.” मळलेली पिशवी, डोळ्यांत मोतीबिंदू, गुडघे गेलेले. म्हणाली, “गोराईची मी. लग्न होऊन डहाणूला गेले, मग यायला जमलंच नाही. माझी आत्या आहे इथे. पांढरा दगड, वर क्रूस. मरायच्या आधी एकदा मेणबत्ती लावायचीय बघ.” आणि तिने थोरलीचं नाव घेतलं. मी तिचा हात धरला आणि चालायला लागले. आपल्या कबरीशी ती थांबली, वाकून फोटोकडे पाहिलं आणि म्हणाली, “ही नव्हे. इथे जोडपं आहे कोणाचं तरी.” मी काय म्हटलं असेन? “चला, पुढे बघू.” रांगेमागून रांग मी तिला फिरवलं, आई. उन्हात, त्या गुडघ्यांवर. मध्येमध्ये थांबून मी दगड वाचल्याचं नाटकही करत होते.

चालता चालता ती बोलत होती. “आत्या गेल्यावर तिच्या नवऱ्याने, काकांनी, पुढे दुसरं केलं. पण ती बाई देवमाणूस. दर ख्रिसमसला आमच्याकडे फुग्यांचा डबा घेऊन यायची, आम्ही पोरं धक्क्यावर वाट बघत बसायचो. माझी आजी तिला लेकच म्हणायची. ती असती तर दगड असा हरवला नसता.” मग थांबून मला विचारलं, “त्यांना एक मुलगी होती म्हणे. कुठे असते, तुला काही ठाऊक?”

मी म्हटलं, “नाही हो.”

शेवटी ती दमली. मधल्या मोठ्या क्रूसापाशी, ज्यांची कबर सापडत नाही त्यांच्यासाठी लोक मेणबत्त्या लावतात ना, तिथे तिने थोरलीची मेणबत्ती लावली. वारा होता, विझत होती. मी दोन्ही हातांचा आडोसा धरला. तिने माझ्या गालावरून हात फिरवला, “किती करतेस गं परक्यांसाठी,” आणि एका चिठोऱ्यावर माझ्याचकडून स्वतःचा नंबर लिहून घेऊन तो मलाच दिला. “सापडला तर फोन कर.”

तेव्हापासून लाज नुसती अंगभर आहे. जेवताना आहे, चर्चच्या बाकावर आहे. लोक येतायत, “मॅडम, आमच्या आजोबांचं बघा ना,” आणि मी कामात आहे म्हणून दार लावून घेते. फोन हातात घेते, ठेवते. मग हे तुला लिहायला बसले, कारण तू उलट काही बोलणार नाहीस, आणि ती बोलेल. किंवा बोलणारही नाही, नुसती ‘असू दे गं’ म्हणेल, आणि ते मला त्याहून झेपणार नाही. हे कागद तुझ्या कबरीवर ठेवायचे म्हटलं, तर तिथे तू पपांशेजारी हसते आहेस. ते हसू बघवत नाही.

सापडलाय गं दगड. हरवला कधी नव्हताच. तडा खालून गेलाय, पपांच्या नि तुझ्या नावामधून. थोरलीचं नाव अख्खं आहे. आपल्या गॅलरीत वॉशिंग मशीनच्या मागे आहे, तोंड भिंतीकडे करून मीच ठेवलाय.